‘एंटरप्राइज सोडून दे’ म्हणणाऱ्या ट्रेकप्रेमींना खुले पत्र

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

कुणी नवखा विचारतो, ‘स्टार ट्रेक बघायचंय, कुठून सुरुवात करू?’ आणि आपल्यातले चारपाच जण लगेच सरसावतात. ‘नेक्स्ट जनरेशन’चा पहिला सीझन कसाबसा काढ, पुढे चीज होतं. ‘डीप स्पेस नाइन’ बघताना जरा धीर धर. मूळ मालिकेतले पुठ्ठ्याचे खडक मनावर घेऊ नकोस. एवढा सगळा समजूतदारपणा दाखवून झाला की ठरलेली ओळ येतेच: ‘एंटरप्राइज’ सोडून दे. का, म्हणून विचारलं तर उत्तरं दोन. गाणं भिकार आहे आणि शेवटचा भाग त्याहून भिकार आहे.

शेवटच्या भागाबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. गाण्याचं नंतर बघू. पण मधल्या जवळपास शंभर भागांचं काय? बाकी प्रत्येक मालिकेला दोन-दोन सीझन सांभाळून घेणारी आपली जमात हिच्याच बाबतीत एवढी कडक का होते, हे मला कधी उमगलेलं नाही. म्हणून हे पत्र. मालिका संपून वीस वर्षं उलटली आहेत, तेव्हा कथानक फुटेल याची तमा पुढे बाळगलेली नाही.

उजळणी थोडक्यात करतो. रिक बर्मन आणि ब्रॅनन ब्रागा यांनी बनवलेली ही मालिका अमेरिकेत यूपीएन वाहिनीवर २६ सप्टेंबर २००१ रोजी सुरू झाली. काळ २१५१ सालचा, म्हणजे मूळ मालिकेतल्या कप्तान कर्कच्या आधी शंभरेक वर्षं. फेडरेशन, म्हणजे पुढच्या मालिकांमधली ग्रहांची एकजूट, अजून जन्माला यायचं आहे. २०६३ साली झेफ्रम कॉक्रनने प्रकाशापेक्षा वेगाने पहिलं उड्डाण केलं, ते बघून व्हल्कन हे परग्रहवासी पृथ्वीवर उतरले आणि तेव्हापासून मुक्काम ठोकून बसले आहेत. व्हल्कन म्हणजे घरातले ते थोरले काका, जे शिकवतात कमी आणि ‘तुला अजून झेपायचं नाही’ एवढंच परतपरत ऐकवतात. कप्तान जोनाथन आर्चरच्या वडिलांनी वॉर्प पाचचं, म्हणजे प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाचं, इंजिन आखलं आणि ते उडताना बघायच्या आधीच ते गेले. त्याचा राग आर्चर पहिल्या भागापासून व्हल्कनांवर मनात धरून आहे.

त्या पहिल्याच भागात नव्या जहाजाची महती सांगताना ‘नेपच्यूनला जाऊन परत, सहा मिनिटांत’ असं एक वाक्य येतं. आता गंमत बघा. प्रकाशाला नेपच्यूनपर्यंत पोचायला साधारण चार तास लागतात, जाऊन-येऊन आठ. आठ तासांचं अंतर सहा मिनिटांत कापायचं तर वेग प्रकाशाच्या ऐंशी पटींच्या घरात हवा. मूळ मालिकेच्या जुन्या हिशेबात वॉर्पच्या आकड्याचा घन केला की प्रकाशाच्या किती पट ते मिळतं. जहाजाच्या त्या वेगाचं बोलणं वॉर्प साडेचारचं, आणि साडेचारचा घन एक्क्याण्णव. जवळपास बसतं! त्याच हिशेबाने वॉर्प पाच म्हणजे सव्वाशे पट, आणि अल्फा सेंटॉरी बारा-तेरा दिवसांवर. वॉर्प दोनने रखडणाऱ्या मालवाहू जहाजाला हाच प्रवास सहा महिन्यांहून जास्त. सुकाणूवर बसणारा ट्रॅव्हिस मेवेदर असल्याच एका मालवाहू जहाजावर जन्मला आणि वाढला. दुसऱ्या सीझनमध्ये तो सुट्टीवर घरी, म्हणजे त्या जहाजावर, जायला निघतो तेव्हा त्याला कळतं की वडील वारलेत आणि त्यालाही काही आठवडे झालेत. या मालिकेत अंतर खरोखर अंतर असतं. निरोप उशिरा पोचतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या सगळ्या ट्रेकमध्ये गोष्टी धड चालत नाहीत अशी ही एकच मालिका आहे, आणि ती बघायची ती त्यासाठीच. कर्क किंवा ‘नेक्स्ट जनरेशन’चा कप्तान पिकार्ड यांच्या जहाजावर काही बिघडलं तर ती त्या आठवड्याची गोष्ट असते, पुढच्या भागात सगळं जागेवर. इथे मुळात जागाच ठरलेल्या नाहीत. ढाली नाहीत, बाहेरच्या पत्र्याला वीजभार देऊन भागवायचं. ओढून घेणारा किरण नाही, दोरखंडाला लावलेले आकडे फेकायचे. जहाज आतून पाणबुडीसारखं अडचणीचं, गणवेश चेनवाले निळे, वैमानिकांच्या सूटसारखे. माणसांना ट्रान्सपोर्टरमधून, म्हणजे इथे विरघळवून तिथे प्रकट करणाऱ्या यंत्रातून, पाठवायला परवानगी नुकतीच मिळालेली, पण स्वतःहून आत उभा राहायला कुणी राजी नाही. आणि ती भीती खोटी नाही हे आपल्याला चौथ्या-पाचव्या भागातच दिसतं. अनोळखी ग्रहावर वादळात सापडलेल्या एका खलाशाला नाइलाजाने ट्रान्सपोर्टरने वर घेतात, आणि तो प्रकट होतो तेव्हा वाऱ्यावर उडणारी पानं आणि काटक्या त्याच्या चेहऱ्याच्या कातडीत रुतून बसलेल्या असतात. ट्रान्सपोर्टर म्हणजे नेमकं काय यंत्र आहे, याची जाणीव मला इतर कुठल्याच मालिकेने इतक्या थेट करून दिली नाही.

आणि होशी सातो. हिच्याबद्दल तुम्ही लोक कधी बोलतच नाही. ही भाषांची प्राध्यापक, ब्राझीलमध्ये शिकवत असते. आर्चर तिला क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या बोलीचं ध्वनिमुद्रण ऐकवून भुलवतो आणि जहाजावर आणतो. आणल्यावर कळतं की हिला जहाजाचीच भीती वाटते. खोली बदलून द्या म्हणते, कारण खिडकीतून तारे उलट्या दिशेने सरकतात आणि झोप येत नाही. आपल्या स्टारफ्लीटच्या, म्हणजे अवकाश-आरमाराच्या, वीरांमध्ये असं तक्रार करणारं माणूस तोवर आलं नव्हतं! त्याच भागात एक सोडून दिल्यासारखं जहाज सापडतं. आत सगळे खलाशी मेलेले, उलटे टांगलेले, अंगाला नळ्या लावलेल्या. होशी किंचाळते. नुसती दचकत नाही, भान सुटून किंचाळते, आणि नंतर तिला त्याची लाज वाटत राहते. पुढे त्या मेलेल्यांचे जातभाई येतात, त्यांना वाटतं हे कृत्य पृथ्वीवरच्या लोकांचं. भाषांतराचं यंत्र अर्धवट, प्रत्येक वाक्याला गोंधळ वाढतो. मग आर्चर तिला म्हणतो, यंत्र राहू दे, तू बोल. ती चाचरत, व्याकरण चुकवत, जेमतेम कानावर पडलेल्या भाषेत बोलते आणि जहाज वाचतं. याच भागात ती दवाखान्यात एका गोगलगायीसारख्या प्राण्याची काळजी घेत असते, त्याला आपल्या ग्रहावरून उचलून आणलेलं आहे आणि तो इथे जगत नाहीये. प्रतीक जरा ढोबळ आहे, कबूल. पण लिंडा पार्कने ते सगळं इतकं साधेपणाने केलंय की खटकत नाही.

माझा सगळ्यात आवडता भाग मात्र धूमकेतूचा. गोष्ट म्हटलं तर काहीच नाही. एक प्रचंड धूमकेतू दिसतो, खोदकाम करून नमुने घ्यायचे ठरतं. शस्त्रं सांभाळणारा अधिकारी रीड आणि मेवेदर खाली उतरतात आणि आधी काय करतात तर बर्फाचा माणूस बनवतात, व्हल्कनसारख्या टोकदार कानांचा. इकडे जहाजावर आयर्लंडच्या एका शाळेतल्या मुलांची पत्रं आलेली असतात आणि अधिकारी मंडळी कॅमेऱ्यासमोर बसून उत्तरं देतात. मुख्य अभियंता ट्रिप टकरच्या वाट्याला प्रश्न येतो: संडासात पाणी सोडल्यावर ते जातं कुठे? त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मला इंजिनाबद्दल विचारा ना, ट्रान्सपोर्टरबद्दल विचारा, असं त्याचं म्हणणं. मग तो मुकाट्याने सांगतो की सगळ्यावर प्रक्रिया होते आणि त्यातून बूट, सामानाची खोकी असल्या उपयोगी वस्तू बनतात, आणि आता मुलं आपल्याला सफाईवाला समजणार म्हणून नंतर चरफडतो. हे चाललेलं असताना एक व्हल्कन जहाज शेजारी येऊन उभं राहतं, ‘आम्ही फक्त बघतोय’ म्हणत. शेवटी बर्फ खचतो, उतरलेलं छोटं यान फटीत अडकतं, आपले आकडे पुरे पडत नाहीत. आर्चरला त्याच व्हल्कन कप्तानाकडे मदत मागावी लागते. त्या मागण्यात त्याला किती त्रास होतो ते स्कॉट बॅक्युलाने एका आवंढ्यात दाखवलंय.

हा भाग मला गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैमध्ये, फार आठवला. शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अठरा दिवस होते तेव्हा आपल्याकडच्या शाळकरी मुलांशी त्यांचा संवाद झाला. मुलांनी विचारलं काय? खाता काय, झोपता कसे, आजारी पडलात तर काय करता. वरून उत्तरं देणारा माणूस हवाई दलाचा चाचणी वैमानिक, गगनयानासाठी निवडलेला, आणि खाण्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याच्याकडे गाजर हलवा आणि मुगाचा हलवा. पटकथा लिहिणाऱ्यांनी २००१ साली हे बरोबर हेरलं होतं. पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांना मागे राहिलेले लोक हेच विचारतात.

आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीचं स्पेडेक्स विसरलात का? ३० डिसेंबर २०२४ ला दोन उपग्रह गेले, प्रत्येकी सव्वादोनशे किलोच्या आसपास. ते एकमेकांना जोडायचे, इतकंच काम. अमेरिकेने १९६६ सालीच केलेलं. तरी आपण जानेवारीभर श्वास रोखून बसलो होतो. तारीख ठरली, पुढे ढकलली. पुन्हा ठरली, अपेक्षेपेक्षा जास्त सरकले म्हणून पुन्हा ढकलली. १२ तारखेला तीन मीटरपर्यंत जवळ आणून परत मागे घेतले. १६ जानेवारीला जोडले गेले आणि भारत हे जमवणारा चौथा देश ठरला. त्या आठवड्यात तीन मीटरचा अर्थ ज्याला कळला, त्याला आर्चरच्या दोरखंडाच्या आकड्यांचं हसू येणार नाही. पिकार्डच्या जहाजावर ‘डॉकिंग पूर्ण’ हे वाक्य दृश्य बदलायच्या आधी घाईघाईत उरकतात.

आता नियमांबद्दल, कारण मालिकेचा खरा गाभा इथे आहे. दुसऱ्यांच्या विकासात ढवळाढवळ करायची नाही हा प्राइम डायरेक्टिव्ह आपल्याला पाठ आहे. पिकार्ड तो तोंडावर फेकतो, कर्क मोडतो आणि मग समर्थन करतो. आर्चरकडे तो नाहीच. पहिल्या सीझनमध्ये जहाजावरच्या डॉ. फ्लॉक्सवर केंद्रित एक भाग आहे, व्हलाकियन आणि मेंक या एकाच ग्रहावरच्या दोन वंशांचा. व्हलाकियन आनुवंशिक आजाराने संपत चालले आहेत, फ्लॉक्सला औषध सापडतं, आणि तो म्हणतो, देऊ नये. उत्क्रांती मेंक लोकांना वर आणते आहे, आपण मध्ये पडू नये. आर्चर शेवटी मान्य करतो. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे, आणि त्यामागचं उत्क्रांतीचं ज्ञानही कच्चं आहे. उत्क्रांतीला कुठे पोचायचं ठरलेलं नसतं. तरी भाग अस्वस्थ करतो. कारण चुकीचा का होईना, निर्णय दोन माणसांना रात्र जागून करावा लागतो, पुस्तक उघडून कलम वाचता येत नाही.

त्याचाच दुसरा पदर दुसऱ्या सीझनमधल्या कोजेनिटरच्या भागात आहे, आणि तो माझ्या लेखी अख्ख्या ट्रेकमधल्या पहिल्या दहांत बसतो. व्हिसियन नावाचे अतिशय सुसंस्कृत, प्रेमळ लोक भेटतात. आर्चरचं त्यांच्या कप्तानाशी मस्त जमतं. पण त्यांच्यात तिसरं लिंग आहे, कोजेनिटर, लोकसंख्येच्या जेमतेम तीन टक्के. त्यांच्याविना मूल होत नाही, आणि त्यांना नाव नाही, शिक्षण नाही, घरातल्या वस्तूसारखं एका जोडप्याकडून दुसऱ्याकडे पाठवतात. ट्रिपला हे बघवत नाही. तो त्यातल्या एकाला चोरून वाचायला शिकवतो. एका दिवसात वाचायला येतं! सिनेमा दाखवतो, गो खेळायला शिकवतो. मग ती व्यक्ती आश्रय मागते, आर्चर नाकारतो, परत पाठवतो, आणि काही वेळाने ती आत्महत्या केल्याची बातमी येते. ट्रिपने केलं ते चूक होतं का? तुम्ही सांगा. एखाद्याला अक्षरओळख करून देण्यात चूक ती कसली? आणि तरी आर्चर त्याला जे झापतो त्यातला शब्दही खोडता येत नाही. मालिका कुणाच्याच बाजूने निकाल देत नाही. ट्रिप आणि आर्चर समोरासमोर उभे, दोघांकडे बोलायला काही उरलेलं नाही, तिथे भाग संपतो. मला सांगा, हे सोडून द्यायचं?

तिसऱ्या सीझनमध्ये तर आर्चर भर अवकाशात एका निरपराध जहाजावर धाड घालून त्यांचं वॉर्प कॉइल, म्हणजे इंजिनाचा जीवच, लुटतो. ते लोक घरापासून तीन वर्षांच्या अंतरावर अडकतात. पृथ्वी वाचवायची आहे म्हणून. चोरी कप्तान करतो, आणि पुढच्या भागात कुणी येऊन त्यांना सोडवत वगैरे नाही.

असं म्हणून मी मालिकेची पापं झाकणार नाही. तिचा घात बाहेरच्यांपेक्षा घरच्यांनीच जास्त केला. सुरुवातीच्या प्रवासाची गोष्ट सांगायची म्हणून बसले, आणि तेवढ्याने प्रेक्षक टिकेल यावर त्यांचाच भरवसा नाही. म्हणून भविष्यातून येणारे हस्तक घुसवले, काळाचं शीतयुद्ध घुसवलं, ज्याचा शेंडाबुडखा चौथ्या सीझनपर्यंत कुणाला लागला नाही. ब्रागा यांनी नंतर सांगितलंय की त्यांच्या मनात पहिला सीझन बराचसा पृथ्वीवर, जहाज बांधलं जात असताना घडवायचं होतं. वाहिनीला ते रुचलं नाही. काय मालिका झाली असती ती! त्याऐवजी आपल्याला अंगाला जेल चोळण्याची दृश्यं मिळाली. जहाजावरच्या व्हल्कन अधिकारी टिपॉलसारखं थंड डोक्याचं, धारदार पात्र आणि जोलीन ब्लॅलॉकसारखी ते पेलणारी नटी हातात असताना तिला घट्ट सूटमध्ये उभं करण्यात यांचं अर्धं लक्ष. मेवेदरला चार सीझनमध्ये धड चार संवाद नाहीत. आणि नामावलीच्या वेळी दिसणारी ती अवकाशप्रवासाची चित्रमालिका आठवा: राइट बंधू आहेत, गॉडर्ड आहे, शेपर्ड आहे, चंद्रावरचं पाऊल आहे. गागारिन नाही. मानवजातीच्या पहिल्या भरारीची गाथा म्हणून सांगायची आणि अवकाशात गेलेला पहिला माणूस त्यात नसावा, हे गाण्यापेक्षा कितीतरी वाईट आहे. पण त्याबद्दल आपल्यात कुणी फारसं चिडताना दिसत नाही.

पहिल्या रात्री प्रेक्षक सव्वा कोटीच्या आसपास होते, शेवटी शेवटी तीस लाखांच्या घरात आले. २ फेब्रुवारी २००५ ला मालिका बंद होत असल्याचं जाहीर झालं. दुर्दैव असं की तोवर मॅनी कोटो यांच्या हातात सूत्रं येऊन चौथा सीझन रुळावर आला होता. दोन-दोन, तीन-तीन भागांच्या कथा, व्हल्कन समाज आतून कसा सडला आणि कसा सावरला त्याची गोष्ट, जेफ्री कॉम्ब्सने साकारलेला अँडोरियन हा परग्रहवासी श्रान, आणि परग्रहवासीयांना पृथ्वीवरून हाकला म्हणणारी माणसांचीच टोळी. ती शेवटची जोडगोळी, ‘डीमन्स’ आणि ‘टेरा प्राइम’, आजच्या बातम्या लावून ठेवून बघा.

तेव्हा मागणं फार मोठं नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर त्या एका ओळीच्या जागी एवढं सांगा: पहिल्या सीझनमधला होशीचा भाग, मग धूमकेतूचा. मग रीडच्या वाढदिवसाचा, ज्यात एकीकडे ट्रिप आणि रीड जहाजावरच तोफ जोडत असतात आणि दुसरीकडे याला आवडतं काय ते त्याच्या आईबापांनाही ठाऊक नसतं म्हणून होशी पृथ्वीपर्यंत चौकशा करत फिरते (अननस, आणि ते कळतं डॉक्टरकडून). दुसऱ्या सीझनमधून कोजेनिटर, आणि ‘फर्स्ट फ्लाइट’. यांतला हा शेवटचा मे २००३ मध्ये दाखवला गेला, कोलंबिया कोसळून साडेतीन महिने झाले असताना, आणि तो त्या यानातल्या सात जणांना अर्पण केलेला आहे. त्यांत कर्नालची कल्पना चावला होती. एवढे पाच बघून नाही आवडली तर खुशाल सोडू दे. आवडली तर चौथ्या सीझनपर्यंत जाऊ दे आणि ‘टेरा प्राइम’ला, म्हणजे त्या शेवटच्या भागाच्या आधीच, थांबवा.

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलाच एक

ता. क. गाण्याचं म्हणाल तर आता प्रत्येक ॲपवर ‘स्किप इंट्रो’चं बटण असतं. तिसऱ्या सीझनपासून चाल बदलून ते आणखी उडतं केलंय, तेव्हा तिथे बोट जरा लवकर चालवायला सांगा.